रेकॉर्ड शॉट : हौशी फोटोग्राफरांच्या गप्पा आणि बोर्द्यूची चौकट

समाजशास्त्र किंवा दृश्य संस्कृती घेऊन पीएचडी करायची असं ठरवलेल्या बहुतेकांच्या सिनॉप्सिसमध्ये एक नाव हमखास असतं : पिएर बोर्द्यू. अभिरुची म्हटलं की बोर्द्यू, वर्ग म्हटलं की बोर्द्यू, आणि 'सांस्कृतिक भांडवल' तर प्रवेशाच्या मुलाखतीत पाठ केल्यासारखं बाहेर येतं. त्यात वाईट काही नाही. पण मुलाखत घेणाऱ्यांना एवढ्यावर समाधान नसतं. विचारवंताची चौकट एखाद्या खऱ्या ठिकाणी लावून बघायची, ती कुठे नीट बसते आणि कुठे तोकडी पडते हे दाखवायचं, हे त्यांना हवं असतं. आज आपण तेच करू.

ठिकाण साधं निवडलंय. रविवारी पहाटे कॅमेरे घेऊन बाहेर पडणारे आणि नंतर एकत्र बसून एकमेकांचे ताजे फोटो बघणारे, त्यावर बोलणारे हौशी फोटोग्राफर. पुण्यात, मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात असे गट तुम्हाला सहज सापडतील. ही पद्धत आपल्याकडे नवीही नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती 1854 मध्ये, म्हणजे फोटोग्राफीचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाल्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातल्या हौशी फोटोग्राफरांपैकी एक. 'हा बघा माझा नवीन फोटो, कसा वाटतो?' हा प्रश्न या शहराला तेव्हापासून ओळखीचा आहे.

मला आज या गप्पांमधल्या एका शब्दावर बोलायचंय : 'रेकॉर्ड शॉट'. या एका शब्दावर बोर्द्यूची चौकट पारखता येते.

आधी बोर्द्यू काय म्हणतो ते नीट बघू

1965 साली फ्रेंचमध्ये एक पुस्तक आलं. त्याच्या शीर्षकाचा साधा अर्थ 'एक मधली कला'. 1990 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर 'फोटोग्राफी : अ मिडल-ब्राउ आर्ट' या नावानं निघालं, आपण वाचतो ते हेच. पुस्तक बोर्द्यूच्या नावानं ओळखलं जातं, पण ते त्याच्या एकट्याचं नाही. ल्यूक बोल्तांस्की, रोबेर कास्तेल, ज्याँ-क्लोद शाँबोरदों अशा सहकाऱ्यांची प्रकरणं त्यात आहेत. संदर्भ देताना कुठलं प्रकरण कुणाचं ते बघून घ्या. सरसकट 'बोर्द्यू म्हणतो' असं लिहिलं की परीक्षकांना लगेच कळतं, पुस्तक उघडलेलं नाही.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. या अभ्यासाला कोडॅक-पाथे या कंपनीचं पाठबळ होतं. फिल्म आणि कॅमेरे विकणाऱ्या कंपनीला 'लोक फोटो का काढतात' हे जाणून घ्यायचं असणारच. एवढ्यानं निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. पण पुस्तकातले प्रश्न 'कोण काढतं, कशासाठी काढतं' याच बाजूनं का येतात, हे समजायला मदत होते. कुठलंही जुनं संशोधन वाचताना पैसा कुठून आला हे बघायची सवय लावून घ्या.

बोर्द्यूचा मुद्दा थोडक्यात असा. कॅमेऱ्याचं बटण कुणीही, कशावरही रोखून दाबू शकतं. तरीही लोक ठरावीक गोष्टींचेच फोटो काढतात. लग्न, मूल, सण, सहल. कारण फोटो हे कुटुंबाचं काम करतो. कुटुंब एकत्र आहे हे तो दाखवतो आणि त्या एकत्र असण्यावर शिक्का मारतो. आपल्याकडची बारशाची, मुंजीची, लग्नाची अल्बमं डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे पटेल. अशा फोटोबद्दल 'सुंदर आहे का' हा प्रश्न नंतर येतो. आधी प्रश्न येतो तो 'कोण आहे, कुठे आहे, कशाचा आहे'.

मग येतो खरा हौशी फोटोग्राफर. त्याला या अल्बमापासून लांब जायचंय. तो क्लबात जातो, 'फॅमिली फोटो' हा शब्द नाक मुरडून उच्चारतो. पण फोटोग्राफीला चित्रकलेसारखी किंवा शास्त्रीय संगीतासारखी पक्की प्रतिष्ठा नव्हती. ती शाळेत शिकवत नव्हते, तिचा आस्वाद कसा घ्यायचा हेही कुणी सांगत नव्हतं. म्हणून तो नियम चित्रकलेकडून उसने घेतो. याच पुस्तकात कास्तेल आणि डॉमिनिक श्नापेर यांचं कॅमेरा क्लबांवरचं प्रकरण आहे. सदस्य कुठल्या थरातले आहेत त्यानुसार क्लबांचा सूर बदलतो, हे त्यांनी दाखवलं. कुठे कलेची भाषा चालते, तर कुठे तंत्राची, लेन्सची, डार्करूमची.

पुढे 1979 च्या 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात हा धागा अजून ताणला गेला. त्यासाठी 1963 आणि 1967-68 मध्ये मिळून 1,217 लोकांची पाहणी केली होती. सूर्यास्त, कोबीचे गड्डे, झाडाची साल, गाड्यांचा अपघात : यातल्या कशाचा फोटो सुंदर होईल, असं लोकांना विचारलं. एका म्हातारीच्या हातांचा फोटोही दाखवला. कष्टकऱ्यांना त्यात त्या बाईचे झिजलेले, वाकडे झालेले हात दिसले. वरच्या थरातल्या लोकांना श्रमाचं प्रतीक दिसलं, कुणाला चित्रकार आठवले. फोटो एकच, पण बघणाऱ्याच्या जागेनुसार त्यात काय दिसतं ते बदललं.

ही मांडणी भक्कम आहे. मी ती मोडीत काढायला बसलेलो नाही. पण आता ती शिवडीच्या जेट्टीवर नेऊन बघू.

एक फोटो, दोन बैठका

असं समजा. फेब्रुवारीची सकाळ आहे. भरती चढतेय, त्यामुळे चिखलात पसरलेले फ्लेमिंगो सरकत सरकत जेट्टीच्या जवळ येतायत. हवेत धुरकट पांढरेपणा आहे. मागे अटल सेतूचे खांब, त्याहून मागे कारखान्यांच्या चिमण्या. थव्याच्या कडेला छोट्या चिखलपक्ष्यांचा घोळका आहे आणि त्यात एक पक्षी जरा वेगळा वाटतोय. आपला हौशी फोटोग्राफर घाईत फोटो काढतो. पक्षी लांब आहे, फोटो थोडा हललाय.

हा फोटो पहिल्या बैठकीत जातो. ही मंडळी सलोनला, म्हणजे स्पर्धात्मक प्रदर्शनांना फोटो पाठवणारी आहेत. भाषा अशी : "लाइट हार्श आहे." "बॅकग्राउंड फार बिझी झालंय." "डोळ्यावर फोकस नाही." आणि शेवटी, जरा समजुतीच्या सुरात, "ठीक आहे रे, रेकॉर्ड शॉट आहे." इथे रेकॉर्ड शॉट म्हणजे नुसती नोंद. फोटो म्हणून त्यात काही नाही, असं सभ्य भाषेत सांगण्याची ही रीत.

तोच फोटो दुसऱ्या बैठकीत जातो. ही पक्षीनिरीक्षकांची. इथे मंडळी फोटो मोठा करून करून बघतात. "चोचीची लांबी बघ." "पायांचा रंग कळतोय का?" "उडाला तेव्हा पंखावर पट्टा होता?" "वेळ आणि जागा लिहून ठेवलीस ना?" आणि मग, आनंदानं, "रेकॉर्ड शॉट मिळाला की!" इथे रेकॉर्ड शॉट म्हणजे पुरावा. त्या दिवशी, त्या जागी, तो पक्षी होता याची पावती. फोटो धूसर असला तरी ओळख पटण्यापुरता असला की झालं.

पहिल्या ठिकाणी जो शब्द सांत्वनाचा, तोच दुसऱ्या ठिकाणी शाबासकीचा. आणि संशोधकाच्या दृष्टीनं मोलाची गोष्ट अशी की कित्येकदा दोन्ही बैठकांत माणसं तीच असतात. बँकेत नोकरी करणारे तेच काका शनिवारी सलोनच्या गटात 'बॅकग्राउंड बिझी' म्हणतात आणि रविवारी पक्ष्यांच्या गटात त्याच फोटोवर खूश होतात. शनिवार ते रविवार त्यांचा वर्ग बदलत नाही. शिक्षण, पगार, आडनाव, घराचा पत्ता, काहीच बदलत नाही. मग निवाडा का बदलला?

इथे पाहणीच्या पद्धतीची मर्यादा दिसते. 'डिस्टिंक्शन'च्या पाहणीत माणूस प्रश्नावलीसमोर एकटा बसून उत्तर देतो. वेगवेगळी माणसं एकमेकांशी ताडून बघता येतात, पण तोच माणूस दोन बैठकांत कसा वेगळा बोलतो हे त्यात पकडता येत नाही. तुमच्या संशोधन आराखड्यात 'कुणाशी कुणाची तुलना' हे ठरवताना ही शक्यता विसरू नका. एकाच व्यक्तीची दोन ठिकाणी तुलना केली, तर वर्ग हा घटक आपोआप स्थिर राहतो.

बोर्द्यूच्या बाजूनं याला उत्तर आहे, आणि तेही प्रामाणिकपणे मांडायला हवं. तो म्हणेल, या दोन बैठका म्हणजे दोन वेगळी 'क्षेत्रं' आहेत. प्रत्येक क्षेत्रात कमाई वेगळी. सलोनमध्ये स्वीकृती, पदकं आणि नावापुढची अक्षरं ही कमाई. पक्षीनिरीक्षकांत दुर्मीळ पक्ष्याची नोंद आणि अचूक ओळख ही कमाई. म्हणून शब्दाचं मोल पालटतं. हे उत्तर चांगलं आहे, आणि शब्द का उलटला इथपर्यंत ते आपल्याला नेतं.

पण बोलणाऱ्याला काय मिळतं एवढंच त्यात कळतं. फोटोचं पुढे काय होतं, हा प्रश्न तसाच राहतो. खरी अडचण तिथेच आहे.

पूल कुठे गेला?

आता त्या फोटोचा पाठलाग करा. पहिल्या बैठकीनंतर आपला फोटोग्राफर काय करतो? पुढच्या रविवारी तो जेट्टीवर दोन पावलं बाजूला सरकतो, म्हणजे पुलाचा खांब चौकटीत येणार नाही. लांब लेन्स लावून मागचं सगळं धूसर करतो. घरी येऊन उरलेली चिमणी कडेनं कापतो. फोटो खरंच सुधारतो. गुलाबी थवा, चंदेरी पाणी, मागे मऊ राखाडी. सगळे म्हणतात, वा!

दुसऱ्या बैठकीनंतर काय होतं? तिथेही फोटो कापला जातो, कारण वेगळं असलं तरी. ओळख पटवायची म्हणून पक्षी मोठा करायचा, बाकीचं काढून टाकायचं. ई-बर्डसारख्या नोंदवहीत अधिवासाचा फोटोही चालतो, त्याला मनाई नाही. पण बैठकीत कुणी तो मागत नाही. मागतात ती चोच.

म्हणजे एका बैठकीत सौंदर्यासाठी आणि दुसरीत ओळखीसाठी, पूल दोन्हीकडे कापला गेला.

यात काय बिघडलं, असं कुणी विचारेल. ठाणे खाडीचा इतिहास बघा. खाडीच्या एका भागाला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये ते रामसर यादीत गेलं. शिवडीपासून सुरू होणारा, सुमारे 21.8 किलोमीटर लांबीचा अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला खुला झाला. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेनं तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले. पक्षी आणि शहर एकमेकांच्या किती अंगावर आलेत हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. उद्या कुणी संशोधक विचारेल : खांब उभे राहत असताना थवे नेमके कुठे उभे असायचे? पुलापासून किती लांब? भरतीला कुठे सरकायचे? बीएनएचएससारख्या संस्थांचं शास्त्रीय काम आहे, ते या प्रश्नांना लागेलच. पण त्या वर्षांत शिवडीला हौशी कॅमेऱ्यांनी काढलेले असंख्य फोटोही आहेत. आणि त्यातले जे 'चांगले' म्हणून निवडले, जपले, प्रदर्शनात लागले, त्यांत हे उत्तर बहुधा नसेल. ते निवडतानाच बाजूला काढलं गेलं.

हौशी माणसाची नोंद ही किरकोळ गोष्ट नाही, हे सिद्ध झालेलंच आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा 2023 चा अहवाल तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे आणि त्यात 942 जातींचा विचार केलाय. म्हणजे छंद म्हणून केलेली नोंद धोरणाच्या टेबलापर्यंत जाऊ शकते. म्हणूनच बैठकीत कुठला फोटो 'चालतो' हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा उरत नाही.

आणि शेरा फक्त फोटो कापत नाही, तो पुढच्या रविवारची कृती ठरवतो. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, फ्लेमिंगो बघायला होडीतून जातात. 'उभा पक्षी काय, उडतानाचा हवा होता' हा शेरा एकदा ऐकला की पुढच्या वेळी होडीवाल्याला "भाऊ, अजून थोडं जवळ घ्या" असं सांगण्याचा मोह होतो. जवळ गेलं की थवा उठतो. फोटो मिळतो, पण पक्ष्यांचं खाणं मोडतं. वर्ग आणि प्रतिष्ठेच्या चौकटीत ही होडी कुठेच बसत नाही. ती बसवायची तर शेऱ्याकडे कृती म्हणून बघावं लागतं.

नियम काय म्हणतो, सवय काय म्हणते

कुणी म्हणेल, हौशी लोकांचा यात काय दोष, स्पर्धांचे नियमच तसे आहेत. मग नियम वाचू. वाचल्याशिवाय टीका करायची नाही, हा आपला नियम.

आंतरराष्ट्रीय सलोनमध्ये 'नेचर' या विभागाची एक सामाईक व्याख्या आहे. 2014 मध्ये फियाप, अमेरिकेची पीएसए आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून ती मान्य केली. तिचा गाभा असा : फोटोत माणसाच्या खुणा असू नयेत, आणि फोटोत नंतर काही घालायचं नाही, काही पुसायचं नाही, चौकट कापलेली मात्र चालेल. पण त्याच व्याख्येत अपवादही आहे. माणसाची खूण जर निसर्गाच्या गोष्टीचाच भाग असेल, तर ती चालते. माणसानं बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेले गव्हाणी घुबड आणि करकोचे ही त्यांनी दिलेली उदाहरणं.

आता सांगा, पुलाच्या खांबाजवळ चरणारा फ्लेमिंगो या अपवादात बसेल का? माझ्या मते बसावा. शहरानं बदललेल्या खाडीत टिकून राहिलेला पक्षी याहून वेगळी गोष्ट कुठली सांगणार? पण बैठकीत हा अपवाद क्वचितच उच्चारला जातो. नियमाचा पहिला अर्धा भाग तोंडोतोंडी फिरतो, 'माणसाची खूण नको', आणि दुसरा अर्धा कागदावर राहतो. परीक्षक अपवाद कसा लावतील याची खात्री नाही, मग कशाला जोखीम घ्या, असा सरळ हिशेब असतो.

लिखित नियम आणि चालणारी सवय यांतली ही फट अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर याच्या चौकटीतून जास्त स्पष्ट दिसते. बेकर स्वतः फोटोग्राफी करायचा. 'आर्ट वर्ल्ड्स' (1982) मध्ये तो सांगतो की कला हे अनेकांचं मिळून केलेलं काम असतं आणि ते काम सुरळीत चालावं म्हणून सगळे काही संकेत पाळतात. संकेत मोडता येतो, पण मोडणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागते, म्हणजे जास्त वेळ, जास्त समजावणं आणि नकार. शिवडीचा पूल चौकटीत ठेवणारा नेमकी हीच किंमत मोजतो. त्याला प्रत्येक वेळी 'मी मुद्दाम ठेवलाय' असं सांगत बसावं लागतं.

म्हणून माझं मत असं. हौशी फोटोग्राफरांच्या गप्पा अभ्यासायच्या असतील तर बोर्द्यू दारापर्यंत घेऊन जातो, आत बसून ऐकायला बेकर जास्त उपयोगी. पण दोघांच्याही पुढे एक पाऊल आपल्याला टाकावं लागेल : शेऱ्यामुळे फोटोतून काय बाहेर गेलं, याची नोंद ठेवायची.

ज्या फोटोवर कुणी बोलत नाही

आणि गंमत अशी की हे पाऊल टाकताना बोर्द्यूच पुन्हा कामाला येतो, पण वेगळ्या दारानं.

रविवारी शिवडीला फक्त मोठ्या लेन्सवाले येत नाहीत, कुटुंबंही येतात. आई, बाबा, आजी, खांद्यावर बसलेलं पोर. बाबा मोबाइल आडवा धरतात. पुढे सगळे हसतायत, मागे गुलाबी ठिपक्यांची रांग, त्यामागे पूल, क्रेन, चिखलात रुतलेलं जहाज, सगळं काही लख्ख. मोबाइलची लेन्स रुंद असल्यामुळे काही धूसर होत नाही, आणि कापायची गरज कुणाला वाटत नाही. 'कोण आहे, कुठे आहे' एवढंच दाखवायचं असतं, आणि 'कुठे' दाखवायचं म्हणून तर मागचं सगळं हवं असतं.

बोर्द्यूनं ज्याला कुटुंबाचं काम करणारा फोटो म्हटलं तो हाच. क्लबातला माणूस ज्याच्यापासून लांब पळतो तोही हाच. आणि खाडीत पक्षी कुठे उभे होते, त्यांच्यामागे काय उभं राहत होतं, हे सांगण्याची ताकद याच फोटोत सर्वांत जास्त आहे. यावर कुठल्याही बैठकीत चर्चा होत नाही. चर्चा होत नाही म्हणूनच त्यातलं काही कापलं गेलेलं नाही.

बोर्द्यूनं या फोटोचा अर्थ कुटुंबाच्या आत शोधला आणि त्याच्या प्रश्नासाठी ते योग्यच होतं. पण फोटोच्या मागच्या बाजूला नकळत आलेलं जग त्याच्या हिशेबात फारसं येत नाही. साठ वर्षांनी, शिवडीच्या चिखलात उभं राहून, ते आपण हिशेबात घ्यायला हवं.

एक आक्षेप राहतो : छंद म्हणून फोटो काढणाऱ्यानं पुरावा का द्यावा? त्याला सुंदर थवा हवाय, त्यानं तो काढावा. अगदी बरोबर. फोटोग्राफरवर अशी कुठलीच सक्ती नाही, आणि मागचा भाग साफ ठेवायला शिकणं हे कौशल्यच आहे. माझा आक्षेप फोटोग्राफरवर नाही. सलोनचा किंवा क्लबाचा संग्रह उघडून 'बघा, अमुक साली खाडी अशी होती' असं लिहिणाऱ्या संशोधकावर आहे. तो संग्रह खाडीचा नाही, खाडीबद्दलच्या पसंतीचा आहे. पसंतीचा अभ्यास करायला तो उत्तम, पण खाडीचा करायला अपुरा.

सिनॉप्सिसमध्ये हे कसं आणाल?

कुणाला हा विषय घ्यायचा असेल, किंवा याच धर्तीवर दुसरा, तर काही व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली : 'हौशी फोटोग्राफी आणि समाज' असं शीर्षक घेऊन गाईडकडे जाऊ नका, ते लगेच परत येईल. प्रश्न छोटा करा. उदाहरणार्थ : 'निसर्ग छायाचित्रणाच्या सामूहिक चर्चेत मानवी खुणांबद्दलचे शेरे पुढच्या छायाचित्रांची चौकट कशी बदलतात?' एवढं पुरे आहे. यात चर्चा आहे, बदल आहे आणि मोजता येईल अशी गोष्टही आहे.

दुसरी : अभ्यासाचं एकक नीट ठरवा. माणूस, फोटो की शेरा? मला विचाराल तर 'एका फोटोचा प्रवास' हे एकक घ्या. कॅमेऱ्यातली मूळ चौकट, बैठकीत दाखवलेली चौकट, त्यावर काय बोललं गेलं, आणि त्याच माणसानं त्याच जागी पुढच्या वेळी काढलेला फोटो. चार गोष्टी शेजारी ठेवल्या की शेऱ्याचं काम डोळ्यांना दिसतं.

तिसरी : मूळ चौकटी मागायला लाजू नका, पण त्या मिळवायला वेळ लागेल हे वेळापत्रकात धरा. न निवडलेले फोटो लोक सहज दाखवत नाहीत. दोन-चार वेळा बैठकीला गप्प बसून या, चहा प्या, खुर्च्या उचलायला मदत करा, मग मागा.

चौथी : परवानगी. बैठकीतलं बोलणं मोकळं असतं, कुणी कुणाच्या फोटोची खेचतं. ते बोलणं प्रबंधात येणार असेल तर आधी सांगा, लेखी संमती घ्या, नावं बदला. आणि एक लक्षात घ्या, नाव बदलून भागत नाही. प्रसिद्ध झालेला फोटो छापलात की माणूस ओळखला जातो. फोटो छापायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्या. कुटुंबाचे फोटो मागितलेत तर त्यातल्या लहान मुलांचे चेहरे झाकायचं आधीच ठरवा. घरट्यांच्या किंवा संवेदनशील पक्ष्यांच्या फोटोत नेमकी जागा देऊ नका.

पाचवी : लिटरेचर रिव्ह्यूमध्ये बोर्द्यूवर टीका करताना 'बोर्द्यू कालबाह्य आहे' असलं वाक्य टाकू नका. तो कुठे पुरतो ते आधी लिहा. मग 'इथून पुढे मला हे लागतं' असं लिहा. टीकेला वजन येतं ते याच क्रमानं. भारतातल्या संदर्भासाठी ख्रिस्तोफर पिन्नी याचं 'कॅमेरा इंडिका' (1997) जरूर वाचा. मध्य प्रदेशातल्या नागदा इथल्या स्टुडिओंवरचं त्याचं काम वाचलं की फ्रान्सचं कुटुंब आणि आपल्याकडचं कुटुंब फोटोसमोर सारखंच बसतं हे गृहीत धरणं किती धोक्याचं, ते कळेल.

आणि सुरुवात करायला परवानगी, कॅमेरा, काहीच लागत नाही. घरातल्या जुन्या सहलीचा एखादा फोटो काढा. पुढची माणसं हातानं झाका आणि मागे काय काय आहे याची यादी करा. पाट्या, झाडं, गाड्या, पाण्याची पातळी, अर्धवट बांधलेली इमारत. यादी दहा ओळींच्या वर गेली तर तुमच्याकडे विषय आहे. ती यादी घेऊनच गाईडकडे जा.

पुढच्या लेखात 'क्षेत्र' आणि 'आर्ट वर्ल्ड' या दोन संकल्पनांतला फरक सविस्तर घेऊ. नेट-सेटच्या दृष्टीनंही तो उपयोगी आहे. तोवर प्रश्न असतील तर विचारा.